800 रुपयांची बाटली आणि मे महिन्यातले पाहुणे

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचे हे पत्र आहे. त्या आणि त्यांचे यजमान महिन्यातून एखाद्या शनिवारी जेवणापूर्वी ग्लासभर वाइन घेतात. दर मे महिन्यात नणंद आणि त्यांचे यजमान पुण्याहून आंब्यांसाठी आणि माशांसाठी आठवडाभर राहायला येतात. नणंदेच्या यजमानांना परदेशी वाइनची आवड आहे आणि ते त्याविषयी भरभरून बोलतात. गेल्या मे महिन्यात या दांपत्याने दिवाळीला घेतलेली नाशिककडची एक रेड वाइन त्यांच्यासाठी उघडली. वाइन मुरलेली बरी, म्हणून ती तोवर दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये जपून ठेवलेली होती. सोबत बांगड्याचे तिखले होते. पाहुण्यांनी एक घोट घेतला, ग्लास बाजूला ठेवला आणि ही स्वयंपाकात घालायची वाइन आहे, असे हसत म्हणाले. तेव्हापासून पत्रलेखिकेच्या यजमानांनी यंदा अडीच हजारांची परदेशी बाटलीच आणायची असे ठरवले आहे. पत्रलेखिकेला मात्र 800 रुपयांच्या वर जाणे पटत नाही. किमतीपेक्षा चवीला सरस अशा वाइनची नावे त्यांना हवी आहेत. गोव्याहून स्वस्तात आणावी का, हेही त्यांनी विचारले आहे. आणि शेवटी, काहीशा संकोचाने : "आम्हा दोघांना खरे तर गोड पोर्ट वाइनच आवडते, हे आमच्या अडाणीपणाचे लक्षण आहे का?"

उत्तर :

तुमच्या पत्रातला नावांचा प्रश्न मी थोडा पुढे ढकलतो, कारण गेल्या वर्षी नेमके काय बिघडले हे कळल्याशिवाय यंदाची बाटली निवडण्यात अर्थ नाही. तुम्ही आणि तुमचे यजमान दोघांनीही असे धरून चालला आहात की पाहुण्यांना बाटलीचा स्वस्तपणा जाणवला. तुम्ही लिहिलेला तपशील वाचून मला तसे वाटत नाही. नोव्हेंबर ते मे अशी सहा-सात महिने शोकेसमध्ये उभी राहिलेली, एप्रिल-मेचा उकाडा सोसलेली आणि बहुधा खोलीतल्या तापमानालाच ओतलेली रेड वाइन तुम्ही तिरफळाच्या बांगड्यासोबत दिलीत. त्या दिवशी त्याच शोकेसमधून पाच हजारांची बाटली निघाली असती तरी ती फारशी बरी लागली नसती.

वाइन ठेवल्याने सुधारते हा समज जुना आहे आणि तो अगदीच निराधारही नाही, पण तो फार थोड्या वाइनना लागू पडतो. ज्या वाइनमध्ये तुरटपणा, आंबटपणा आणि फळाचा अर्क हे तिन्ही भरपूर असते आणि जी 12 ते 15 अंशांच्या अंधाऱ्या जागेत आडवी ठेवली जाते, तीच वर्षानुवर्षे मुरते. हजार रुपयांच्या आतल्या जवळजवळ सगळ्या बाटल्या मुळात ताज्या पिण्यासाठीच बनवलेल्या असतात. व्हाइट असेल तर वर्ष-दीड वर्षात आणि साधी रेड असेल तर दोन-तीन वर्षांत ती संपवावी. कोकणातल्या घरात तर तेवढाही धीर धरू नये. तीस-बत्तीस अंशांत महिनोन्महिने राहिलेल्या वाइनमधला ताज्या फळाचा वास उडून जातो आणि शिजवलेल्या मुरंब्यासारखा जड वास तेवढा उरतो. पाहुण्यांना स्वयंपाकघर आठवले ते कदाचित यामुळेच.

बांगड्याचा दोष वेगळा. तेलकट मासा आणि रेड वाइन एकत्र आली की तोंडात धातूसारखी, उग्र माशाळ चव रेंगाळते, हा अनेकांचा अनुभव आहे. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी त्याचे कारण बरेचसे उलगडले. वाइनमध्ये विरघळलेले लोह जितके अधिक, तितकी ही चव तीव्र, असे त्यांना आढळले, आणि रेड वाइनमध्ये लोहाचे प्रमाण सहसा जास्त असते. त्यात तिखल्यातल्या मिरचीने वाइनचा तुरटपणा आणि मद्यार्काची जळजळ दोन्ही वाढवली असणार. तुमच्या पाहुण्यांचा त्या घोटाविषयीचा अभिप्राय बरोबर असेल, परंतु त्यावरून त्यांनी बाटलीविषयी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

आता किंमत. महाग तितकी चवदार, या समजुतीची परीक्षा बऱ्याच वेळा घेतली गेली आहे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना किंमत न सांगता वाइन चाखायला दिल्या गेल्या आणि अशा 6,000 हून अधिक नोंदी तपासल्या गेल्या. वाइनचे शिक्षण न घेतलेल्या माणसांना महाग वाइन अधिक आवडली नाही. उलट किंचित कमीच आवडली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या एका प्रयोगात एकच वाइन एकदा 10 डॉलरची आणि एकदा 90 डॉलरची म्हणून दिली, तेव्हा 90 डॉलरची म्हणून दिलेली लोकांना जास्त आवडली. इतकेच नव्हे, मेंदूच्या चित्रणात सुखाची जाणीव दाखवणारा भागही अधिक उद्दीपित झालेला दिसला. म्हणजे महाग वाइन आवडल्याचे सांगणारे खोटे बोलत नसतात, त्यांना ती खरोखरच तशी लागते. देवगडचा शिक्का असलेल्या पेटीतला कर्नाटकी आंबा खाऊन मुंबईची मंडळी कशी समाधानाने मान डोलावतात, हे तुम्ही रत्नागिरीकरांना मी वेगळे सांगायला नको.

परदेशी बाटलीच्या बाबतीत आणखी एक साधा हिशेब आहे, तो तुमच्या यजमानांना अवश्य दाखवा. भारतात येणाऱ्या वाइनवर अनेक वर्षे एकूण 150 टक्के सीमाशुल्क राहिले आहे. समजा, युरोपातल्या उत्पादकाने एक बाटली 300 रुपयांना विकली आणि वाहतूक व विमा धरून ती मुंबई बंदरात 350 रुपयांना पडली, तर शुल्काचे सव्वापाचशे रुपये मिळवून ती पावणेनऊशेची झाली. त्यानंतर आयातदार, राज्याचे कर, घाऊक विक्रेता आणि दुकानदार यांचे हिस्से चढत जातात आणि आपल्यापर्यंत पोहोचताना ती दीड-दोन हजारांची होते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण प्रमाण साधारण असेच पडते. अडीच हजारांत तुम्ही जी परदेशी वाइन आणाल, ती तिच्या स्वतःच्या गावात बहुधा रोजच्या जेवणाची साधी वाइन असेल. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार 2022 च्या अखेरीस लागू झाला आणि तिथल्या बाटल्यांवरचे शुल्क काहीसे उतरले खरे, पण 5 अमेरिकी डॉलरच्या आतल्या बाटल्यांना त्यातून वगळले होते; म्हणजे आपल्यासारख्यांना जी परवडेल तिलाच सवलत नाही.

याच्या नेमके उलट आपल्या राज्यातल्या वाइनचे आहे. महाराष्ट्राने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली आणि नाशिक, दिंडोरी, इगतपुरी, नारायणगाव, बारामती, अकलूज अशा पट्ट्यांत हा धंदा उभा राहिला. समुद्र ओलांडण्याचा खर्च नाही, सीमाशुल्क नाही, दुसऱ्या राज्याचा कर नाही. त्यामुळे महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाच्या रुपयातला मोठा वाटा खरोखर द्राक्षावर खर्च होतो. किमतीपेक्षा सरस वाइन शोधायची तर शोध इथूनच सुरू करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यातही व्हाइट आधी. आपल्याकडे रेडला उगाच मोठा मान आहे. खरी वाइन म्हणजे लाल, असे बरेच जण मानतात. पण चांगली रेड बनवायला पूर्ण पिकलेले द्राक्ष, कमी उतारा आणि बऱ्याचदा ओक लाकडाची पिंपे लागतात. 225 लिटरच्या फ्रेंच पिंपात जेमतेम 300 बाटल्यांची वाइन मावते आणि पीप काही वर्षांतच निरुपयोगी होते, त्यामुळे तो खर्च प्रत्येक बाटलीवर पडतो. व्हाइटला पिंपाची गरज सहसा नसते. स्टीलच्या टाकीत गार तापमानाला आंबवायची, गाळायची आणि काही महिन्यांत बाटलीत भरायची. म्हणून 800 रुपयांच्या रेडमध्ये काहीतरी काटकसर केलेली असते. त्याच किमतीच्या व्हाइटमध्ये ती करावी लागतेच असे नाही.

द्राक्षाच्या जातींत शेनिन ब्लांक हे नाव लक्षात ठेवा. मूळची फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातली ही जात नाशिकच्या पठारावर चांगली रुळली. भरघोस पिकते, तरी आंबटपणा टिकवून धरते, म्हणून स्वस्तात चांगली वाइन देते. आपल्याकडे ती किंचित गोडसर ठेवण्याची पद्धत आहे आणि तुमची पोर्टची आवड पाहता तुम्हाला ती पहिल्याच घोटाला आवडेल असा माझा अंदाज आहे. दुसरी सोव्हिन्यों ब्लांक : कोरडी, हिरव्या पानांचा किंवा कच्च्या कैरीचा वास असलेली. सुला, यॉर्क, ग्रोव्हर झाम्पा, अकलूजची फ्रातेल्ली, इगतपुरीजवळची व्हॅलोन या उत्पादकांच्या यादीत या दोन जाती शोधा. तुमच्या गावच्या दुकानात यांतले एक-दोनच मिळतील आणि सगळे 800 मध्ये बसतीलच असे नाही, पण प्रत्येकाच्या यादीत वरच्या आणि खालच्या पायऱ्या असतात. खालच्या पायरीची व्हाइट बिनधास्त घ्या, खालच्या पायरीची रेड घेताना मात्र दोनदा विचार करा. रेड हवीच असेल तर शिराझ घ्या आणि ती माशांच्या दिवशी न काढता कोंबडी-वड्यांच्या दिवशी काढा.

लेबलावरच्या 'रिझर्व्ह' शब्दाने भारावून जाऊ नका. स्पेनमध्ये रिओखाच्या रेडवर 'रेसेर्वा' लिहायचे तर ती किमान तीन वर्षे, त्यातले एक वर्ष पिंपात, मुरवावी लागते. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात मात्र या शब्दाला कायद्याने ठरवलेला अर्थच नाही. जड बाटली आणि खोल खळगा असलेला तळ यांचेही तेच. फिरकीचे झाकण पाहून नाक मुरडू नका. न्यूझीलंडमधली बहुतेक वाइन फिरकीच्या झाकणानेच बंद होते, आणि आपल्या दमट हवेत, जिथे दुकानदार बाटल्या उभ्याच ठेवतात आणि बूच सुकत जाते, तिथे फिरकीचे झाकण मी तर पसंतच करीन.

दुकानाचा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक वाइन शॉपमध्ये, नाव काहीही असो, खप व्हिस्की, रम आणि बिअरचा असतो. वाइनच्या चार-सहा बाटल्या वरच्या फळीवर, ट्यूबलाइटजवळ धूळ खात उभ्या असतात आणि त्या कधी आल्या हे दुकानदारालाही आठवत नाही. बाटली हातात घेऊन मागच्या लेबलावरची तारीख पाहा. व्हाइट दीड-दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर नम्रपणे परत द्या. बूच वर आलेले असेल किंवा मानेपाशी चिकट ओघळ दिसला, तर ती बाटली उन्हात तापलेली आहे असे समजा. व्हाइटचा रंग फिक्या पेंढ्यासारखा असावा. तपकिरीकडे झुकला असेल तर घेऊ नका. शक्य असेल तर बिअरच्या फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली मागा, किंवा दुकानदाराला आठ दिवस आधी सांगून नवीन मालातली मागवून घ्या. पर्यटकांची गर्दी असलेल्या गावात वाइनचा खप जास्त, म्हणून माल ताजा मिळण्याची शक्यताही जास्त. मे महिन्यात गाडीच्या डिकीत बाटली ठेवून बाजारहाट करू नका. तापलेली डिकी तासाभरात वाइनचे नुकसान करते. पाहुण्यांच्या आदल्या आठवड्यात आणावी आणि थेट फ्रिजमध्ये ठेवावी, शोकेसमध्ये पुन्हा नको.

गोव्याविषयी थोडक्यात. तिथे कर कमी असल्याने मद्य स्वस्त आहे हे खरे, पण 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असे छापलेली बाटली परवान्याविना महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे आणि बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर त्यासाठी तपासणी होत असते. एका शिक्षिकेने दोन-तीनशे रुपयांसाठी हा धोका पत्करू नये. शिवाय नाशिकची वाइन घ्यायला गोव्यापर्यंत जाण्यात फारसा फायदाही नाही. आपल्या राज्यात मद्य बाळगायला आणि प्यायलाही परवाना लागतो, तो दुकानातच मिळतो, घेऊन ठेवावा.

तापमानाची एक गोष्ट सांगितली नाही तर वरचे सगळे फुकट जाईल. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हे वाक्य युरोपातल्या थंड दगडी घरांसाठी होते आणि त्याचा अर्थ 16 ते 18 अंश. तुमच्या दिवाणखान्यात मे महिन्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट पारा असतो. म्हणून रेडसुद्धा पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडावी. व्हाइट 8 ते 10 अंशांना, म्हणजे तीन-चार तास फ्रिजमध्ये. वीज गेली असेल तर बादलीत पाणी, बर्फ आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवावी, वीस मिनिटांत काम होते. ग्लासात थोडीच ओतावी, म्हणजे संपेपर्यंत गार राहते. वाइन जितकी स्वस्त तितकी जरा अधिकच गार द्यावी, कारण गारव्यात बारीकसारीक दोष जाणवत नाहीत. जाणकारांना ही लबाडी वाटेल, पण आठशे रुपयांत ती क्षम्य आहे.

सोबत काय द्यायचे याबाबत तुमचे स्वयंपाकघर तुम्हाला पुण्याच्या पाहुण्यांपेक्षा वरचढ ठेवते. रव्यात घोळून तळलेली सुरमई, कुरकुरीत बोंबील, तिसऱ्यांचे सुके किंवा लसूण-मिरीची कोळंबी यांच्यासोबत गार सोव्हिन्यों ब्लांक द्या. तळणाचा तेलकटपणा तिच्या आंबटपणाने कापला जातो, लिंबू पिळल्याने कापला जातो तसाच. नारळाचे वाटण असलेल्या, बेताच्या तिखट कालवणासोबत गोडसर शेनिन चालते, कारण थोडा गोडवा मिरचीचा जाळ शमवतो. तिरफळाचे तिखले किंवा मालवणी मसाल्याचे झणझणीत मटण असेल त्या दिवशी मी स्वतः वाइन जेवणाआधीच संपवतो आणि ताटासोबत सोलकढी घेतो. त्या ताटाला सोलकढीहून सरस पेय अजून कोणी बनवलेले नाही. आमरसासोबत वाइन देण्याचा मोह टाळा. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट आणि पाणचट लागते, आणि हापूसपेक्षा गोड वाइन 800 रुपयांत मिळणे कठीण.

पोर्टबद्दल संकोच करू नका. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली मूळ पोर्ट आंबवणे अर्ध्यावर असतानाच त्यात द्राक्षाचा मद्यार्क घालून बनवतात, म्हणून साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्याकडे पोर्ट म्हणून विकली जाणारी गोड वाइन ही निराळी आणि बरीच साधी वस्तू आहे, पण ती आवडणे हा अडाणीपणा खचितच नव्हे. जगातल्या फार नावाजलेल्या वाइनपैकी कित्येक गोडच आहेत. माझी हरकत एवढीच की गोडव्यात द्राक्षाचे दोष लपतात, त्यामुळे त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. एका शनिवारी पोर्टऐवजी शेनिन घेऊन पाहा. नाही आवडली तर आपली पोर्ट आहेच, ती गार करून घ्या. कोकणातल्या फळांच्या वाइनचाही विचार करून ठेवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठात जांभूळ, करवंद, काजूबोंड अशा फळांवर काम झाले आहे आणि पालघर जिल्ह्यात बोर्डीला चिकूची वाइन बनवली गेली आहे. मिळाली तर चाखावी, पण पाहुण्यांसाठी त्यांवर भिस्त ठेवू नये.

तुमच्या यजमानांनी वाइन आरोग्याला चांगली म्हणून जास्त खर्चाचे समर्थन केले, तर ते मान्य करू नका. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितले आहे. प्यायची तर आवडीसाठी आणि थोडी.

राहता राहिले पाहुणे. गेल्या वर्षीचा शेरा तुम्हाला लागला, हे पत्रातून दिसते. पण महाग बाटली आणून त्याचे उत्तर देऊ गेलात, तर पुढच्या वर्षी त्याहून महाग आणावी लागेल. एखाद्या संध्याकाळी दोन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, 1 आणि 2 असे लिहून सर्वांना चाखायला देता येतील : एक तुमची नाशिकची शेनिन, दुसरी त्यांनी पुण्याहून आणलेली कोणतीही व्हाइट, दोन्ही सारख्याच गार. मात्र त्यांना हे आधी सांगून, त्यांच्या संमतीने करा. गुपचूप सापळा लावलात तर जिंकूनही आठवडा अवघडल्यासारखा जाईल. त्यांनी त्यांची बाटली ओळखली तर मोकळेपणाने कौतुक करा. माणसाने खरोखर अभ्यास केला असेल तर तो ओळखूही शकतो. आणि ते येण्यापूर्वी फोनवर, यंदा सुरमई तळणार आहोत, तिच्यासोबत कोणती व्हाइट चांगली जाईल, असे विचारून पाहा. ज्याला सांगायला आवडते त्याला विचारले की त्याचा सूर बदलतो, आणि तुम्हाला एखादे चांगले नाव फुकटात कळेल.

चौघांत एक बाटली जेवणापूर्वी पुरते. 750 मिलीलिटरच्या बाटलीत पाच मध्यम ग्लास होतात, म्हणजे 800 रुपयांच्या हिशेबाने ग्लास 160 रुपयांना पडतो. आठवड्याभरासाठी तीन बाटल्या घ्या, दोन व्हाइट आणि एक शिराझ, म्हणजे यजमानांच्या अडीच हजारांतच सगळे बसेल. उरलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन दिवस चांगली राहते. त्यानंतर मात्र ती खरोखरच स्वयंपाकात घाला; कोळंबीच्या परतणीत अर्धी वाटी व्हाइट वाइन फार छान लागते.